काटा एकशे पस्तीसवर

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, खांडबारा दोन किलोमीटरवर असताना, तेलाच्या तापमानाचा काटा एकशे पस्तीसवर गेला आणि रिषभनं गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी केली. आखाजीला सहा दिवस उरले होते.

"तिसरी वेळ, आप्पा," रिषभ म्हणाला. स्टिअरिंगवरचे हात त्यानं अजून काढले नव्हते.

शेजारी बसलेल्या हिलालनं मांडीवरच्या वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला आणि पेन खिशाला लावलं. नंदुरबारहून चाचणीला निघाल्यापासून दर दहा मिनिटांनी तो असंच लिहीत आला होता. पंच्याऐंशी, सत्त्याण्णव, एकशे दहा, एकशे बावीस. एकशे वीसच्या पुढे तेल पातळ होतं, त्याची पकड सुटते आणि आतलं लोखंड एकमेकांना खायला लागतं. इंजिन हिलालनंच उतरवून, चार महिने खपून, नटापासून पुन्हा बांधलं होतं. तेव्हा खाणार ते त्याचंच काम खाणार होतं.

गाडी जुनी, जर्मन बनावटीची. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी खोदायला आलेली परदेशी माणसं ती मागं सोडून गेली आणि पुढं लिलावात रिषभच्या आजोबांनी, अमृतलाल शेठांनी, घेतली. इंजिन मागच्या बाजूला, आणि त्याला पाण्याची टाकी नाही. मागच्या दोन्ही अंगांच्या पत्र्यात, खिडक्यांच्या मागे, माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा आहेत. त्यांतून वारा आत येतो, पंखा तो ओढून चारही सिलिंडरांवरून फिरवतो आणि खाली सोडून देतो. एवढ्यावर ते इंजिन जगतं.

मोटारसायकलला दुधाच्या कॅना लावलेला एक जण थांबला. गरम इंजिनाचा वास वीस पावलांवरून येत होता.

"पानी टाका ना, बाबा," तो म्हणाला.

"यामा पानी टाकानी जागाच नही, भाऊ."

"मंग हाई थंडं कसं व्हस?"

"वारा खाईसन."

दूधवाल्यानं आभाळाकडे पाहिलं. एप्रिलचं ऊन दहाच्या आधीच पांढरं झालं होतं. "आते वारा बी उकयेलच शे," तो म्हणाला आणि निघून गेला.

मागच्या भागातून आवाज आला. "हिलाल, इंजिनले ताप उना का?"

"हां, भाभी."

"येऊ दे. माले आठे सावली शे, उकायेल पानी शे. मी जाप करस. तू तुन्हं काम कर, घाई करू नको."

तारादेवी शहात्तर वर्षांच्या होत्या. गाडीच्या मागच्या भागात सुकराम सुतारानं केलेल्या फळीवर, कापसाच्या गादीवर, त्या उजव्या कुशीवर पडून होत्या. सतराव्या वर्षी राजस्थानातून लग्न होऊन त्या नंदुरबारला आल्या. दुकानात गिऱ्हाईकांशी बोलता बोलता अहिराणी शिकल्या, आणि आता त्यांना मारवाडीपेक्षा तीच पटकन सुचते. गेले तेरा महिने त्यांचं वर्षीतप, जैनांचं वर्षभराचं व्रत, चालू होतं. एक दिवस पूर्ण उपास, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण. तिसऱ्या दिवशी पुन्हा उपास. हे तप अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशात आखाजी असते त्याच दिवशी, उसाच्या रसानं सुटतं. ते त्यांना गुजरातेतल्या पालीताण्याला, तीर्थाच्या डोंगराच्या पायथ्याशी सोडायचं होतं.

अडचण त्यांच्या कमरेची होती. दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशननंतर त्यांना अर्ध्या तासाहून जास्त बसवत नव्हतं. मोठ्या कारची सीट मागं पाडून शहाद्यापर्यंत नेऊन पाहिलं, तर त्या तीन दिवस अंथरुणाला खिळल्या. रेल्वेचे जिने नको म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं. कुणीतरी ॲम्ब्युलन्स सुचवली. "तेरा महिना उपास करीसन पारणाले पेशंट व्हईसन जाऊ का?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. मग नातवाला, रिषभला, गोदामात ताडपत्रीखाली पडलेली आजोबांची गाडी आठवली. आडवं पडून जाता येईल, पाणी उकळता येईल, स्वतःचं अन्न स्वतःच्या भांड्यात करता येईल अशी ती करून घ्यायची, असं ठरलं. फळी, कपाट, शेगडी सुकरामनं केली. इंजिन हिलालकडे आलं.

हिलालनं ते काम मागून घेतलं होतं, असं म्हणणं जास्त खरं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्याला पाच वर्षं झाली होती. कोरीटला घराशेजारी पत्र्याची शेड टाकून तो ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. रिषभ विचारायला आला तेव्हा हिलालनं हातातला पाना खाली ठेवला आणि एवढंच म्हणाला, "ती गाडी दुसराले दाखाडू नको."

त्याला कारण त्र्याऐंशी सालचं होतं. तेव्हा हिलाल एकवीस वर्षांचा, शेठांच्या याच गाडीवर ड्रायव्हर. कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडे बाजार करायचे. मार्च महिन्यात, खांडबाऱ्याच्याच बाजाराच्या दिवशी, गाडी तापली. सगळे म्हणाले पाणी टाक. टाकायला जागा नव्हती, तर त्यानं झाकण उघडून लालभडक इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतलं. काचेचा पेला तडकावा तसा आवाज झाला. एका बाजूचं हेड उभं चिरलं.

अमृतलाल शेठ बाजारातून चालत आले, वाकून चीर पाहिली आणि गठ्ठे न्यायला बैलगाडी सांगितली. ओरडले नाहीत. वाटेत, बैलगाडीत, म्हणाले, "तोडलंस तू, तर जोडशीलही तूच. पण आधी शिकून ये." आठ दिवसांत त्यांनी हिलालला सुरतेला, असल्या इंजिनांची माहिती असलेल्या एका म्हाताऱ्या पारशी मेस्त्रीकडे सात महिने पाठवलं. हिलालचं पुढचं सगळं आयुष्य, एसटीची नोकरी, लग्न, दोन पोरींची शिक्षणं, त्या सात महिन्यांतून निघालं. हे तो कुणाला सांगत नसे. पण दर आखाजीला, वडिलांच्या नावानं घागर भरताना, शेठांचं नाव त्याच्या मनात वडिलांच्या लगेच मागून येई.

आणि एक गोष्ट होती, ती त्याला सुरतेहून परतल्यावर कळली. त्या वर्षीही तारादेवींचं वर्षीतप चालू होतं. पारण्याला पालीताण्याला जायचं ठरलं होतं. सासूबाईंना अर्धांगवायू झालेला, त्यांना मागं ठेवून जायचं नव्हतं, आणि त्यांना झोपवून नेईल अशी गाडी एकच होती. ती मार्चमध्ये हिलालनं फोडली. पारणं घरीच झालं. बेचाळीस वर्षांत तारादेवी त्याबद्दल त्याला एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आता त्या मागे गादीवर जाप करत होत्या आणि काटा हळूहळू उतरत होता.

हिलालनं वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पहिल्यांदा गाडी तापली ती प्रकाशा गावाच्या रस्त्याला. तेव्हा त्यानं टायमिंग पुन्हा जुळवलं आणि कार्ब्युरेटर उघडून पेट्रोलचं माप वाढवलं. दुसऱ्यांदा कळसाडीच्या अलीकडे, उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकल्यावर. त्या वेळी त्यानं अख्खं इंजिन खाली उतरवलं. वारा वळवणारे पत्रे एक एक काढून पाहिले, ऑइल कूलर धुतला, पंख्याचा पट्टा बदलला. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी नवी बसवली, कारण ती फाटकी असली तर खालचा तापलेला वारा परत वर येतो. दगूबाई, त्याची बायको, चहा घेऊन आली आणि जमिनीवर मांडलेले भाग बघून म्हणाली, "लेक बाळंत व्हस तव्हय बी इतला पसारा नही व्हस."

दोन्ही वेळा जोडणी झाल्यावर शेडमध्ये इंजिन दोन-दोन तास चालवलं होतं. वहीत नोंद होती. अठ्ठ्याण्णव. शंभर. अठ्ठ्याण्णव. शेडमध्ये ते शहाण्यासारखं वागे आणि रस्त्यावर आलं की भडके.

चालताना जोर लागतो म्हणून, असं त्यानं आतापर्यंत धरलं होतं. पण त्याच्या घरचा चढ चढून, रिकामी गाडी गावभर फिरवूनही त्यानं पाहिलं होतं. ती नोंदही होती: एकशे चार. तो त्या ओळीवर थांबला. त्या दिवशी पट्टा नुकताच बसवला होता. तो पळताना दिसावा म्हणून मागचं झाकण त्यानं दोरीनं वर बांधलं होतं, आणि तसंच गावातून फिरवल्यावर पोरं हसली होती.

त्यानं पानं पुन्हा उलटली. शेडमध्येही झाकण कायम उघडंच असे. ज्या ज्या नोंदीत इंजिन शांत होतं, त्या सगळ्या नोंदींत झाकण उघडं होतं.

"रिषभ," तो म्हणाला, "दोरी दे."

साडेदहाला काटा ऐंशीवर आला. झाकण वर बांधून ते विसरवाडीच्या रस्त्याला दहा किलोमीटर गेले. एकशे सहा. तिथं हिलालनं झाकण बंद केलं, आणि त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं ते परत आले. बाभळीपाशी पोचेपर्यंत काटा एकशे सव्वीस.

"इंजिनमा काहीच नही," हिलाल म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, कारण अजून अर्धंच कळलं होतं. "याना श्वास कोंडाई ऱ्हायना."

पत्र्यातल्या चिरा त्यानं स्वतः धुतल्या होत्या. बाहेरून त्या स्वच्छ दिसत होत्या. त्यानं रस्त्याकडेच्या बाभळीकडे पाहिलं. हिवाळाभर कापसाचे ट्रॅक्टर खांडबाऱ्याकडे जाताना दोन्ही बाजूंच्या काट्यांना बोंडांचे पुंजके अडकवत जातात, ते पुढं महिनोन् महिने लोंबत राहतात. त्यानं एक पुंजका काढला, बोटांनी पिंजून विडीच्या धुराएवढा हलका केला आणि रिषभला इंजिन जोरात फिरवायला सांगितलं. उजव्या चिरांसमोर कापूस धरला. इंजिन असं फिरत असताना तो हातातून हिसकावला जायला हवा होता. कापूस किंचित आत झुकला आणि तसाच राहिला. डाव्या बाजूला तेच.

हिलालनं चिरेला डोळा लावला, मोबाइलची बॅटरी लावली. काळोखाच्या जागी आत काहीतरी पांढरट दिसलं. हे त्याला आधीही दिसलं होतं. सुकरामच्या कपाटाची मागची फळी पांढरी असेल असं त्यानं धरलं होतं.

"बंद कर," तो म्हणाला. "या चिरास्ना मांगे काय शे रे? सुकरामनी काय लायं?"

"कपाट आहे. प्लायवूड."

"तठे गाळणं शे," आतून तारादेवी म्हणाल्या.

दोघंही वळले. त्या एका कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होत्या.

"कसानं गाळणं, भाभी?"

"पानीनं ऱ्हास तेच. जाडं, दोन पदरी. कपाट बसाना पहिले सुकरामले सांगीसन लाई लिधं मी. हवामा बी जीव ऱ्हातस ना, हिलाल. शेठ पहिल्यांदा गाडी घर लयनात, तव्हय त्या पंखामाईन मूठभर पाकोळ्या निंघ्यात. मरेल. माले आजलगून ध्यान शे."

रिषभनं कपाळावर हात मारला. "दादी, सांगायचं तरी."

"नळले गाळणं बांधं, हाई काय सांगानी गोट शे का?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्यांच्या घरात प्रत्येक नळाला पांढरं फडकं बांधलेलं असे, आणि कोणी त्याचा उल्लेख करत नसे. दाराला कडी आहे हे कोणी सांगतं का?

हिलाल रस्त्याकडेच्या दगडावर बसला. चार महिन्यांत दोनदा इंजिन उघडलं. प्रत्येक वेळी चूक आपल्याच हातात शोधली. रात्री झोपताना त्र्याऐंशीचा तो तडकण्याचा आवाज ऐकला. आणि इंजिन पहिल्या दिवसापासून नीट होतं. राग यायला हरकत नव्हती. त्याऐवजी छातीवरून कुणी पोतं उचलून घ्यावं तसं झालं. गाडी आज इथं, घरापासून बत्तीस किलोमीटरवर थांबली, गुजरातेत कुठं माळावर थांबली नाही, हेही त्याच्या लक्षात आलं.

रिषभनं कपाटाचे स्क्रू काढले. गाळणं बाहेर आलं तेव्हा धुळीनं करडं झालं होतं. तारादेवींनी ते हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि बाहेरची बाजू बारकाईनं पाहिली. एका घडीत हिरवा तुडतुडा बसला होता, तांदळाच्या कणीएवढा. जिवंत.

"दखं का," त्या म्हणाल्या.

उशाखालची पुंजणी त्यांनी काढली. लोकरीच्या मऊ धाग्यांची ती छोटी कुंचली, जिनं जीव न दुखावता बाजूला सारतात. तुडतुडा तिच्यावर चढला. रिषभनं तो बाभळीवर नेऊन सोडला. गाळणं फेकून द्या, एवढं एक वाक्य हिलालच्या जिभेवर होतं. त्या तुडतुड्यानंतर ते बोलण्यात अर्थ नव्हता.

"भाभी, याना बिगर गाडी जाई. याना संगे जावाव नही."

"समजस माले." त्यांनी गाळण्याची घडी केली. "पन याना बिगर मी बठाव नही. तेरा महिना कसाले करं मंग? घरच पारणं करसु. पहिले बी करंच ना." मग त्यांनी हात जोडले. शहात्तर वर्षांच्या बाईनं आपल्यापुढं हात जोडावेत हे हिलालला आवडलं नाही, पण त्यांनी ते जोडलेच. "तू मन्हामुळे इंजिन दोनदा उघाडं. मिच्छामि दुक्कडम्, हिलाल."

ते शब्द त्याला ठाऊक होते. दुकानात असताना दर पर्युषणात शेठ सगळ्या नोकरांपुढं उभे राहून हेच म्हणायचे: माझ्याकडून जे दुखावलं असेल त्याची क्षमा असो. तेव्हा उलट उत्तर द्यायची पद्धत होती. हिलालनंही हात जोडले.

"मन्हं बी, भाभी," तो म्हणाला. कशाबद्दल ते त्यानं सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर, गाळण्याशिवाय, झाकण बंद करून, काटा एकशे पाचवर राहिला. त्या परत येताना गाडीत बसल्या त्या एवढ्याचसाठी की रस्त्यावर थांबणं शक्य नव्हतं. डोळे मिटून, ओठ हलवत त्या पडून होत्या, आणि चिरांतून वारा आत जाण्याचा हलका शीळेसारखा आवाज ऐकू येत होता. हिलालला तो आवाज शेडमधल्या सगळ्या आवाजांपेक्षा गोड वाटला असता. आज वाटला नाही.

नंदुरबारला पोचल्यावर तो हात धुवायला त्यांच्या अंगणातल्या नळाशी गेला. नळाला गाळणं होतं. लांब, सैल, पिशवीसारखं फुगलेलं, आणि त्यातून पाण्याची जाड धार येत होती. त्यानं पिशवी मुठीत धरून फडकं नळाच्या तोंडावर ताणलं. धारेचे थेंब झाले. सोडलं, पुन्हा धार. तो हे तीन वेळा करत राहिला. शेवटी घरात पडलेल्या तारादेवी खिडकीतून म्हणाल्या, "पानी वाया जाई ऱ्हायनं."

"भाभी," हिलाल म्हणाला, "गाळणं लावाले हरकत नही. तुम्ही ते ताणीसन लायं, हाई चूक."

दोन दिवस कोरीटच्या शेडमध्ये शिवणकाम चाललं. जाड फडक्याऐवजी मच्छरदाणीची जाळी घेतली, आणि कपाटाची मागची बाजू पूर्ण रिकामी करून, प्रत्येक बाजूला गव्हाच्या लहान पोत्याएवढी सैल पिशवी बसेल अशी बेतली. चिरांचं क्षेत्रफळ हिलालनं वहीत मांडलं. पिशवीचं त्याच्या अकरापट आलं. दगूबाईनं मशीनवर शिवण घातली आणि दोरा तोडताना म्हणाली, "तीस वरीस व्हयनात, घरमा एक मच्छरदानी लई उनात नही. आनि गाडीले दोन."

"गाडी तुन्हासारखी बोलस नही," हिलाल म्हणाला.

जाळी दाखवायला तो गेला तेव्हा तारादेवींनी ती खिडकीच्या उजेडात धरली. "पाकोळी अडकी. चिलट जाई यामाईन."

"चिलटे दिवस मावळताना उडतस. दिवस मावळाना पहिले गाडी उभी, दिवस उगेलगून हालावानी नही. तुमना नेमबी तोच शे ना."

त्यांनी जाळी डोळ्यांजवळ नेऊन तिच्यातून बाहेर पाहिलं. "जितलं आपला हातमा शे तितलं," त्या म्हणाल्या. "बाकीनं प्रायश्चित्त मी लिसु."

चाचणीत, भर दुपारी, खांडबाऱ्यापर्यंत जाऊन येऊन, काटा एकशे तेराच्या वर गेला नाही. हिलालनं आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

आखाजीच्या दोन दिवस आधी, सकाळी सहा वीसला, गाडी निघाली. पहिला मुक्काम भडोचला धर्मशाळेत, दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत पालीताणा. पन्नास मिनिटं चालवायची, दहा मिनिटं थांबायचं. बारा ते तीन सावलीत. काटा एकशे अठराला टेकला की उभं राहायचं आणि जाळी झटकायची. हे सगळं हिलालनं रिषभला कागदावर लिहून दिलं. स्वतः बरोबर जायची त्याची पिशवी भरलेली होती. तारादेवींनी ती पाहिली.

"आखाजीले पोरी घर येतस. तू बाप शे का ड्रायव्हर?"

"भाभी, रस्तामा काही व्हयनं ते..."

"रिषभ दखी लेई. नही व्हयनं ते नही व्हयनं." त्यांनी त्याला जवळ बोलावलं. फळीवर आडव्या, डोक्यावरून पदर घेतलेला, त्या हळू आवाजात बोलल्या, रिषभला ऐकू जाऊ नये अशा. "त्या सालले तू पानी टाकं ते बरं व्हयनं."

हिलालनं पिशवी खाली ठेवली.

"पालीताणाले गऊ असतू, ते कोनी बी रस पाजा असता. घर ऱ्हायनू, ते मन्ही सासूनी पाजा. तिना एक हात चाले नही. दुसरा हातथून वाटी धरीसन, सांडत सांडत पाजा तिनी. पुढली आखाजीले ती नही व्हती." त्यांनी पदर सारखा केला. "मी कव्हय सांगं नही तुले. सांगाले जोयजे व्हतं."

गाडी वळणाआड गेली तरी हिलाल फाटकाशी उभा राहिला. बेचाळीस वर्षं त्यानं एक ओझं वाहिलं होतं, आणि ते या घरानं त्याच्यावर कधी ठेवलेलंच नव्हतं. मग तो बसनं कोरीटला गेला.

पहिल्या दिवसाच्या नोंदी रिषभनं फोनवर दिल्या, हिलालनं वहीत उतरवल्या. नवापूर एकशे नऊ. सोनगड एकशे अकरा. भडोच, पाच पन्नास, एकशे बारा; दादींनी जेवून घेतलं, कंबर ठीक. हिलाल त्या रात्री शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी तारादेवींचा शेवटचा उपास होता. कोरीटला धाकटी लेक दीपमाला सकाळच्या बसनं आली, लिंबाला झोका बांधला गेला, घरात सांजोऱ्यांचं तूप कढत होतं. दगूबाईनं कुंभाराकडून घागर आणली. हिलाल म्हणाला, "एक धाकली बी लई ये. शेठना नावनी."

"त्यासनामा घागर भरतस का?"

"त्यासनामा नही. मन्हामा शे ना."

दगूबाईनं वाद घातला नाही. ती परत कुंभाराकडे गेली.

बाराला रिषभचा फोन आला, तारापूरच्या अलीकडून: एकशे चौदा, मंदिराच्या आवारात थांबलोय. तीनला निघू. त्यानंतर रस्ता भाल प्रदेशाच्या सपाट माळातून जातो. तिथं झाड नाही, आणि खाऱ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ वाऱ्यावर असते. ती धूळ जाळीवर बसणार हे हिलालच्या हिशेबात नव्हतं. नंदुरबारच्या धुळीची जात वेगळी.

चार पस्तीसला फोन वाजला. वाऱ्यामुळे आवाज तुटत होता.

"आप्पा, काटा एकशे अठरा. धोलेऱ्याच्या पुढं आहे. थांबलो, जाळी पांढरीफट्ट झालीय. दादीनं पुंजणी दिली, तीच फिरवली. आता एकशे दहावर आलाय, निघतो."

"कितलं ऱ्हायनं?"

"एकशे दहा किलोमीटर. दादी म्हणते..." पुढचं वाऱ्यात गेलं.

"काय म्हनस?"

"म्हणते, हिलालला सांग, इंजिनाला श्वास आहे."

फोन कटला. हिलालनं वहीत लिहिलं: चार पस्तीस, ११८, थांबा, जाळी झटकली, ११०, बाकी ११०. मग अंगणात खाट ओढून तो वही मांडीवर घेऊन बसला. लिंबाखाली दीपमाला आणि शेजारच्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. उंबऱ्याशी दोन घागरी पालथ्या ठेवल्या होत्या, एक मोठी, एक लहान, सकाळी भरायच्या.

पाच दहाला त्यानं फोन लावला. लागला नाही. पाच चाळीसला लागला नाही. सहा पाचला एकदा वाजला आणि कुणी उचलला नाही.

सहा वाजून पन्नास मिनिटांनी, कोरीटच्या शिवारावर सूर्य हातभर उरला असताना, त्यानं पुन्हा लावून पाहिला. लागला नाही, आणि सूर्य मावळला की गाडी जिथं असेल तिथं सकाळपर्यंत उभी राहणार होती. मग पेन काढून वेळ लिहिली, आणि आकड्याची जागा मोकळी सोडली.